प्रकरण एकोणिसावं

लर्विकच्या मासळी कारखान्यात रात्रपाळीला
हात गुंतलेले असतात, कान मोकळे.
सामनचं पोट फाडायचं, चिमट्याने काटे ओढायचे,
पुढचा मासा, पुढचा मासा.
निळ्या टोपीखाली इअरफोन दडवून
मी एक जाडजूड कादंबरी ऐकते
गिरणीवाल्याच्या विधवेची.
लिहिणारी गेली त्याला दीडशे वर्षं झाली;
पुस्तकाचं आता गायरान झालंय,
कुणीही यावं, आपल्या आवाजाची मेंढरं चारावीत.

शोधलं तेव्हा तीन सापडली.
नाव तेच, मुखपृष्ठ तेच, तास वेगळे:
अकरा, चौदा, साडेसतरा.
अकरा तासवाल्याला कुठलीशी बस गाठायची होती.
दुसऱ्याच प्रकरणात त्याने मला धाप लावली,
सोडला त्याला.
चौदा तासांत प्रत्येक प्रकरणाला नवा माणूस,
विधवेचं नाव कधी लांबट, कधी तुटक,
एकदा तर सर्दी झालेलं.
मी हेच धरलं. फुकटचं ते पौष्टिक.

आईला, रोबिना इस्बिस्टरला, मधलं दिसत नाही,
फक्त कडा दिसतात.
माझ्या चेहऱ्याच्या जागी तिला
दोन कान आणि थोडे केस दिसतात म्हणे.
तिच्या फोनवर मी साडेसतरा तास भरून दिले.
वाटलं, वेळ काय तिच्याकडे भरपूर आहे.

रविवारी खारवलेल्या मटणाच्या सूपवर आमची जुंपली.
मी म्हटलं, रडवी आहे ती बाई,
गिरणी विकायच्या आधीच हरलेली.
रडवी?
आईने चमचा खाली ठेवला.
अगं, वाऱ्यात उभ्या मेंढवाड्याच्या भिंतीसारखी आहे ती,
चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड.

वाक्य तेच होतं: घ्या या किल्ल्या.
एकतिसाव्या प्रकरणात.
माझ्या माणसाने ते उसाशासारखं सोडून दिलं होतं,
आईच्या बाईने टेबलावर ठेवलं होतं,
खणकन.

मग मी तिची बाई ऐकायला घेतली.
नाव दिलेलं नाही, गावही नाही.
पाठीमागे एक घड्याळ, जरा लंगडं,
टिक नीट, टॉक अडखळत.
सातव्यात कुत्रा शिंकतो
आणि ती वाक्याच्या मध्येच हळूच म्हणते, गप रे,
आणि ते काढून टाकायचं विसरते.

एकोणिसाव्यात घड्याळ नाही.
खोली लहान झालीये.
आवाज एक पायरी खाली उतरलाय
आणि कठडा धरून उभा आहे.
मी पट्ट्याशी उभी, हातात मासा तसाच.
पलीकडून युनसनने हाक मारली, झोपलीस का गं?
सकाळी तारखा पाहिल्या:
अठराव्या आणि एकोणिसाव्याच्या मधे नऊ वर्षं.
कुठे एक ओळही नाही, का थांबले, कुठे होते.
नुसतं, प्रकरण एकोणिसावं,
जणू चहाला उठली होती.

आईला सांगितलं.
ती विणत होती, डोळे कुठेच नव्हते.
ठाऊक आहे, म्हणाली, कुत्रा गेला ना.
मी दोन दिवस पुढचं लावलंच नाही.

या वाचणारीचं दुसरं काही शोध, म्हणाली.
शोधलं. नाही.
एवढं एकच, साडेसतरा तासांचं,
त्यात नऊ वर्षं धरलेली नाहीत.

काल पाळी संपता संपता
म्हटलं, त्या बसवाल्यालाही एकदा पुरं ऐकावं,
माणसाला दुसऱ्याच प्रकरणात टाकून देणं बरं नव्हे.
तसाच पळत होता बापडा,
नदी, लग्न, आग, कोर्ट, सगळं एका दमात.
शेवटच्या प्रकरणात विधवा रिकाम्या गिरणीत येते,
दारात थांबते,
आणि तो थांबला.
इतका वेळ, की मला वाटलं फोनच बंद पडला.

मग ऐकू आलं त्याचं पान उलटणं,
एकच पान,
अगदी सावकाश.
बाहेर बंदरावर उजाडत होतं.
त्याची बस बहुतेक गेली असावी.